खारदुंग ला चॅलेंज: पैसे वसूल होतात, पण कशात ते वाचा

माझं साताऱ्यात औषधांचं दुकान आहे. त्यामुळे कुठलीही वस्तू घेताना खोका उलटा करून मागची बारीक अक्षरं आधी वाचायची खोड लागलीय. खारदुंग ला चॅलेंजची नियमावलीही मी तशीच वाचली, हातात पेन घेऊन. पळण्याच्या शर्यतीचे नियम, पण त्यात पळण्यापेक्षा थांबण्याबद्दलच जास्त लिहिलेलं. लेहमध्ये किती आधी येऊन थांबायचं, डॉक्टर तपासून कुणाला थांबवणार, कुठल्या टप्प्याला किती वाजेपर्यंत पोचला नाहीत तर गाडीत बसवणार. मला ते वाचूनच बरं वाटलं. नाव घातलं.

दर पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात कुणीतरी शेजारी पळत येतं आणि धापा टाकत विचारतं, "ताई, लडाखला नाव घालू का? एवढे पैसे वसूल होतात का?" घाटात मला बोलायला दम नसतो, म्हणून इथे बसून लिहितेय.

आधी ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी. लडाख मॅरेथॉन २०१२ पासून लेहमध्ये भरते, सप्टेंबरात. भरवणारे रिमो एक्स्पिडिशन्सचे चेवांग मोटुप, म्हणजे मुळात डोंगरात मोहिमा नेणारी माणसं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. हाफ, फुल हे नेहमीचे प्रकार आहेतच. त्यांच्या वरचा प्रकार म्हणजे ७२ किलोमीटरचं खारदुंग ला चॅलेंज. खारदुंग गावात, सुमारे ३,९७५ मीटर उंचीवर, पहाटे तीन वाजता सुटायचं. बत्तीसेक किलोमीटर सलग चढून खारदुंग ला खिंडीत पोचायचं, उंची ५,३७० मीटर. मग चाळीसेक किलोमीटर उतरत थेट लेहच्या बाजारात. वेळ चौदा तास, म्हणजे संध्याकाळी पाचला दुकान बंद.

आपल्या मोजमापात सांगायचं तर कळसूबाई १,६४६ मीटर. सुटायचं गावच दोन कळसूबाया एकावर एक ठेवून वर सातशे मीटर आहे. खिंड म्हणजे तीन कळसूबाया आणि वर चारशे मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, म्हणजे एका श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्माच. आपण कासच्या रस्त्यावर सराव करतो ते पठार १,२०० मीटरच्या आसपास. त्यामुळे "आम्ही घाटातले पळणारे, आम्हाला चढाचं काय" ही साताऱ्याची ऐट लेहच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशीच सोडून द्यावी. बॅग उचलतानाच दम लागतो.

आता मुद्द्याचं. या शर्यतीची फी भरून, विमानाचं तिकीट काढून, लेहमध्ये खोली घेऊन तुम्ही नक्की विकत काय घेता? माझं उत्तर आहे, वाट पाहणं. आठवड्याहून जास्त आधी लेहमध्ये यायचं हे इथे बंधनकारक आहे, आणि सगळा खर्च त्यात जातो. शर्यतीची फी त्यापुढे किरकोळ वाटते. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांचं इथेच अडतं. रजा मिळत नाही. मी गेले कारण हेसुद्धा फार्मासिस्ट आहेत, दुकानाचं शटर उघडं राहिलं. नाहीतर औषधांचं दुकान असं कुणाच्याही भरवशावर सोडता येत नाही.

पण हे थांबणं फुकट जात नाही. उंचीवर गेलं की पहिले काही दिवस शरीर जास्त श्वास घेऊन निभावतं. जास्त श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्त अल्कधर्मी व्हायला लागतं, आणि मग मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकून तोल सावरतात. याला दिवस लागतात. नव्या लाल पेशी पुरेशा तयार व्हायला तर काही आठवडे. तुमची जिद्द बिद्द यात काही करू शकत नाही. मूत्रपिंडांना मोटिव्हेशनल भाषण ऐकू येत नाही. डायमॉक्स गोळी हेच बायकार्बोनेटचं काम लवकर करवून घेते, म्हणून लोक ती घेतात. तिच्यामुळे बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं आणि सोडा घातलेली पेयं बेचव लागतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय तिला हात लावू नये. मैत्रिणीने दिली म्हणून घेतली, असं तर मुळीच नको. माझ्या काउंटरवर येऊन "ती लडाखवाली गोळी द्या" म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते, हे साताऱ्यात सगळ्यांना माहीत आहे.

पहिले दोन दिवस आम्ही काहीही केलं नाही. खरंच काही नाही. खोली, जेवण, पाणी, परत खोली. मग शांती स्तूपाच्या पायऱ्या, अगदी सावकाश. मग लेह पॅलेसच्या बाजूचा चढ. मग गाडीने साउथ पुल्लू या खिंडीखालच्या चौकीपर्यंत, सुमारे ४,७०० मीटरवर, तिथे थोडं चालून परत खाली झोपायला. त्या दिवसांत लेहमध्ये भारतभरचे पळणारे दिसतात आणि त्यांच्यात एक जात अशी असते की दुसऱ्याच दिवशी घड्याळाला दाखवायला दहा-दहा किलोमीटर पळते. चौथ्या दिवशी तेच लोक गोधडीत. दवाखान्याची माणसं अशांना ओळखून असतात.

ऑक्सिमीटरबद्दल दोन शब्द, कारण कोविडमध्ये ते यंत्र मी खोक्याने विकलंय आणि त्याची भीतीही बघितलीय. लेहमध्ये आकडा ८८, ९० दिसला तर घरी फोन करून रडायचं कारण नाही, त्या उंचीवर पुष्कळांचा तसाच असतो. बोट गार असेल तर यंत्र काहीही दाखवतं, आधी हात चोळून गरम करा. आकड्यापेक्षा माणूस बघा. डोकं दुखून उलट्या, चालताना झोकांड्या, पडल्या पडल्या खोकला आणि धाप, यातलं काही असेल तर आकडा ९२ असला तरी खाली उतरवा. आणि बाजारात मिळणारे ते ऑक्सिजनचे छोटे कॅन. एका दुकानदाराने ते माझ्या गळ्यात मारायचा जो प्रयत्न केला, तो बघून मला धंद्याची लाज वाटली. त्यात काही लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटरने घेतला तर चार-पाच मिनिटांत डबा रिकामा. उंचीच्या त्रासावर खात्रीचा उपाय एकच, उतरणं, आणि तो डब्यात भरून विकता येत नाही.

आम्ही राहिलो त्या गेस्टहाउसचं नाव लिहीत नाही. गरम पाणी सांगितलेल्या वेळेला कधीच आलं नाही आणि खिडकीच्या फटीतून रात्रभर वारा. खोली ठरवताना गरम पाणी, रजया आणि पहाटे नाश्ता देणार का, हे तीन प्रश्न फोनवर विचारून घ्या. अंगणात जर्दाळूचं झाड आहे का, ते नंतर बघता येतं.

शर्यतीआधीची तपासणी हा मला या सगळ्या सेवेतला सर्वांत दर्जेदार भाग वाटला. रक्तदाब, प्राणवायू, छातीचा आवाज, प्रश्नोत्तरं. आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये फिटनेस सर्टिफिकेट म्हणजे ओळखीच्या डॉक्टरांचा शिक्का, तोही कधीकधी व्हॉट्सॲपवर. इथे समोर बसून बघतात. आमच्याबरोबर सांगलीकडचे एक गृहस्थ होते, चांगले पळणारे, माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान. त्यांचा रक्तदाब पहिल्यांदा वर आला. विश्रांती घेऊन परत या म्हणाले. परत गेले, तरी वरच. नाही म्हणाले. वर्षभराचा सराव, एवढा खर्च, सगळं एका वाक्यात संपलं. ते दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, पण टेबलापलीकडे मी असते तर मीही तेच केलं असतं. मोहिमा नेणारी माणसं शर्यत भरवतात तेव्हा असा फरक पडतो. डोंगरातून माणूस परत मागवायची त्यांना सवय असते. ज्या शर्यतीत कुणालाच कधी "नाही" म्हटलं जात नाही, तिथे मी माझ्या घरच्या कुणाला पाठवणार नाही.

आदल्या दिवशी बसने खिंड ओलांडून पलीकडे खारदुंग गावात नेतात. म्हणजे उद्या जो रस्ता पायांनी यायचाय तो आज खिडकीतून उलटा दिसतो. काहीजण डोळे मिटून घेतात. गावात लोकांच्या घरीच उतरवतात. आमच्या घरातल्या आमा-ले, म्हणजे आई, दिवसभर शेतात जव कापून आल्या होत्या आणि त्यावर आम्हा चौघींचा स्वयंपाक. स्वयंपाकघरात भिंतभर फडताळं, त्यात घासून लख्ख केलेली पितळेची, तांब्याची भांडी. आपल्या आजीची मांडणी असायची तशीच, फक्त इथे मधोमध शेगडी. भात, डाळ, भाजी आणि खंबीर नावाची जाड रोटी. लोणी-मिठाचा गुरगुर चहा मला आवडला. बरोबरच्या दोघींना नाही, त्यांचाही मी प्यायले. संडास लडाखी पद्धतीचा, कोरडा, माती टाकायचा. स्वच्छ होता. झोप लागत नाही. त्या उंचीवर श्वास मध्येच अडल्यासारखा होऊन जाग येते. हे सगळ्यांचं होतं, घाबरू नये. पाय लांब करून पडून राहावं.

पहाटे तीनला अंधारात हेडलॅम्पची रांग सुटते आणि पहिल्या दहा मिनिटांत निम्मे लोक फार जोरात जातात. इथे हिशेब सांगते, कारण तो पाठ करून गेल्याचा मला फार उपयोग झाला. चौदा तासांत ७२ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला ११ मिनिटं ४० सेकंद. चढाला सात तास गेले तर उतारासाठी सात उरतात आणि चाळीस किलोमीटरला किलोमीटरमागे साडेदहा मिनिटं. ऐकायला सोपं. पण चढाला सात तास म्हणजे किलोमीटरला तेरा मिनिटं, आणि हे ४,००० ते ५,३७० मीटरच्या मधे, बर्फाळ वाऱ्यात, खात-पीत, मुतायला थांबत. मधल्या टप्प्यांनाही वेळेची मर्यादा आहे, त्यामुळे "उतारावर भरून काढू" चालत नाही. चढाची सरासरी मात्र चार-साडेचार टक्केच आहे. यवतेश्वरापेक्षा सौम्य. म्हणून फसायला होतं. पाय म्हणतात पळ, फुप्फुसं म्हणतात बस.

म्हणून साताऱ्यातल्या पळणाऱ्यांना माझा सल्ला: चालायला शिका. खरंच. आपल्याकडे घाटात चालणं म्हणजे हार मानणं, कुणी बघितलं तर आपण बुटाची लेस बांधल्याचं नाटक करतो. खारदुंग लाच्या चढावर बहुतेक सगळे चालतात. प्रश्न फक्त कोण झपझप चालतं आणि कोण रेंगाळत, एवढाच. मी शेवटचे तीन महिने आठवड्यातून एकदा समर्थ मंदिरापासून कासच्या दिशेने पूर्ण चढ फक्त चालत केला, किलोमीटरला अकरा मिनिटांच्या आत. लोकांनी विचारलं, बरं नाही का?

नॉर्थ पुल्लू, म्हणजे खिंडीच्या खारदुंग गावाकडची चौकी, साधारण सोळा किलोमीटरवर. तिथपर्यंत अंधार, पुढच्याच्या टाचा, आणि स्वतःचा श्वास. मग उजाडतं आणि आपण कुठे आहोत ते कळतं. दोन्हीकडे नुसते दगड. गवत नाही, झाड नाही, पक्षी नाही. नॉर्थ पुल्लूनंतरचा भाग मला सर्वांत जड गेला. वळण संपतं, वाटतं आली खिंड, आणि पुढे डोंगराच्या अंगावर रस्त्याची आणखी एक रेघ दिसते. पळताना खायचं एनर्जी जेल कडक झालं होतं. पाण्याच्या नळीत बर्फ. जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवलेले खजूर आणि शेंगदाण्याचे लाडू मात्र मऊ राहिले, त्यांच्यावरच मी वर पोचले. थंडीत आणि उंचीवर भूक मरते, म्हणून भुकेची वाट न बघता अर्ध्या-अर्ध्या तासाने घड्याळ बघून खायचं. मळमळलं तरी एक घास.

माथ्यावर पाटी आहे, तिच्यावर १८,३८० फूट असा आकडा वर्षानुवर्षं मिरवत होता. शर्यतवाले १७,६१८ फूट म्हणतात आणि उपकरणांनी केलेली मोजणी त्याच्याच जवळ येते. जगातला सर्वांत उंच गाडीरस्ता हा मानही खारदुंग लाचा नाही, लडाखमध्येच उमलिंग लाचा रस्ता १९,०२४ फुटांवर आहे. त्यामुळे पाटीचा फोटो घ्या, पण तिथे रेंगाळू नका. घाम गार होतो आणि दहा मिनिटांत माणूस थरथरायला लागतो. मी फोटोसुद्धा चालता चालता काढला, त्यात पाटी तिरकी आलीय.

बायकांसाठी वेगळं लिहिते, कारण पुरुषांनी लिहिलेल्या वर्णनांत हे कधी सापडलं नाही. एक, आडोसा. सह्याद्रीत कारवी असते, जाळी असते, निदान बांध असतो. इथे उघडा डोंगर. चौक्या आणि पुल्लू सोडले तर मोठा दगड किंवा रस्त्याचं वळण, एवढंच. त्यात डायमॉक्स घेत असाल तर बघायलाच नको. आम्ही दोघी-दोघींनी राहून एकमेकींना जॅकेटचा आडोसा केला. या भीतीने पाणी कमी पिणाऱ्या बायका मी बघितल्यात आणि उंचीवर ते फार वाईट. दोन, पाळी. तारीख जवळ असेल तर सगळं सामान सोबतच्या पिशवीत असू द्या, आयोजकांकडे सोपवायच्या ड्रॉप बॅगेत नाही. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं: जायच्या तीन-चार महिने आधी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन तपासा. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि लोहाचा साठा तळाला गेलेला असतो, आपल्याकडच्या बायकांत हे सर्रास. उंचीवर शरीराला नव्या लाल पेशी बनवायच्या असतात. लोहच नसेल तर बनवणार कशातून? शेवटच्या आठवड्यात गोळ्या सुरू करून काही होत नाही, फक्त पोट बिघडतं.

चढताना एक लडाखी पोरगी माझ्या शेजारून गेली. "जुले" म्हणाली, हसली, आणि पुढच्या वळणाला दिसेनाशी. हे लोक याच हवेत वाढलेले. अनेकदा ही शर्यत जिंकलेला शब्बीर हुसेन लडाखचाच. जिगमेट डोल्मा तर २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिसरी आली होती. पहिली होती आपली परभणीची ज्योती गवते. समुद्रकाठी ज्योती पुढे, हे मला त्या चढावर आठवलं आणि उगाच जरा बरं वाटलं. अर्थात त्याने माझ्या पायांना काही फरक पडला नाही.

उताराबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. चाळीस किलोमीटरमध्ये १,८०० मीटरहून जास्त उतरायचं, सगळं डांबरावर. पहिले पाच किलोमीटर पंख फुटतात. पंधराव्याला मांड्या शिजतात. साउथ पुल्लू मागे पडलं की खाली लेहचं खोरं, हिरव्या पॉप्लरच्या रांगा, सगळं दिसायला लागतं आणि मग ते तासन् तास दिसतच राहतं, जवळ येत नाही. पहाटे शून्याखाली असलेलं तापमान दुपारी कडक उन्हात बदलतं. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात. माझे ओठ नंतर आठवडाभर सोलत होते, तेही सनस्क्रीनचा बाम लावून. अंगावरचे थर काढून बांधायला कमरेला जागा ठेवा. बूट अर्धा नंबर मोठे घ्या आणि नखं दोन दिवस आधी कापा. पायाच्या अंगठ्याची दोन्ही नखं माझी काळी झाली, त्यातलं डावं गेलं.

आणि हा चालता रस्ता आहे. नुब्रा खोऱ्याकडे, पुढे सियाचेनकडे जाणारा. दिवस वर आला की ट्रक, टॅक्स्या, लष्कराच्या गाड्या, मोटारसायकलवाले. डिझेलचा धूर त्या विरळ हवेत नाकात जास्त झोंबतो की तसं वाटतं, कोण जाणे. तोंडाला बफ, म्हणजे गळ्यात घालून वर ओढायचं कापड, असावा. कानात इअरफोन नको.

कुणी जाऊ नये तेही सांगते. ज्यांना दगडाधोंड्यातून, कड्याच्या काठाने, हात टेकत पळायचंय, त्यांना हे डांबर कंटाळवाणं होईल. त्यांनी आपली सिंहगड-राजगड-तोरण्याची वाट धरावी. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार जी मजा देते ती इथे नाही. खारदुंग लाला पायाखाली बघावंच लागत नाही. इथला खडतरपणा हवेत आहे. ज्यांना स्वतःची वेळ सुधारायचीय त्यांनीही जाऊ नये, इथली वेळ कुठल्याच दुसऱ्या वेळेशी ताडता येत नाही. पुण्यात चार तासांच्या आत मॅरेथॉन पळणारे इथे गाडीत बसून उतरलेले मी बघितलेत, आणि साडेपाच तास घेणारी आमच्यातली एक सरकारी शाळेतली बाई हसत बाजारात शिरली. तिला घाई कशी करायची तेच माहीत नाही, तिचा फायदा झाला. आणि ज्यांना रजा मिळत नाही म्हणून "मी चार दिवस आधी पोचतो, मला काही होत नाही" अशी वाट काढायचीय, त्यांनी तर नाहीच.

मी तेरा तास ओलांडून पोचले. लेहच्या बाजारात लोक दुकानांच्या पायऱ्यांवर बसून टाळ्या वाजवतात, म्हाताऱ्या बायका हातातलं जपचक्र न थांबवता बघतात. गळ्यात पदक, हातात गरम पाणी. मला हवं होतं कोपऱ्यावरचं थुक्पा, म्हणजे नूडल्सचं गरम सूप, आणि कुणीतरी बूट काढून देणारं. दुसरं मिळालं नाही.

सेवा म्हणून गुण द्यायचे तर तपासणी आणि मधल्या टप्प्यांवरची माणसं यांना पैकीच्या पैकी. एका चौकीवर पाणी देणाऱ्या मुलाने मला नाव, गाव आणि आजचा वार विचारला. मला वाटलं गप्पा मारतोय. पुढे गेल्यावर कळलं, डोकं ठिकाणावर आहे का ते बघत होता. ७२ किलोमीटरमध्ये असं कितीदा तरी झालं असेल, मला कळलंही नसेल. राहण्या-जेवणाचे गुण तुमच्या तुम्ही ठरवलेल्या खोलीवर. रस्त्याला मी गुण देणार नाही, तो शर्यतीसाठी बांधलेलाच नाही.

आता ग्रुपवर नवीन टूम निघालीय, सिल्क रूट अल्ट्रा. १२२ किलोमीटर, २०२१ पासून सुरू झालीय. नुब्रातल्या क्यागारहून संध्याकाळी सातला सुटायचं, रात्रभर चालत-पळत खारदुंग गावात यायचं आणि तिथून पुढे हाच चढ, हीच खिंड, हाच उतार. बावीस तास. सांगलीकरांनी फोन केला होता. त्यांचा रक्तदाब आता गोळीवर आहे, त्यांनी परत ७२ ला नाव घातलंय आणि मला विचारत होते, ताई तुम्ही १२२ ला येता का. मी त्यांना दोन गोष्टी विचारल्या. डॉक्टरांना लेहचं सांगितलंय का, आणि गोळी कुठली. दुसऱ्याचं उत्तर त्यांना आठवेना, म्हणून पट्टीचा फोटो पाठवायला सांगितलाय. १२२ चं मी अजून काही बोललेले नाही. फेरिटिनचा रिपोर्ट शनिवारी येईल.